जपानमध्ये केअरगिव्हर म्हणून जाताय? कामावरची भाषा अशी शिका

जपानी भाषेची जेएलपीटी एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा, त्यावर कायगोच्या म्हणजे वृद्धसेवेच्या दोन परीक्षा, मग मुलाखत, मग व्हिसा. ‘तोकुतेइ गिनो’चा, म्हणजे ठरावीक कामांसाठी कुशल परदेशी माणसं घेण्याचा, हा रस्ता जपानने एप्रिल 2019 मध्ये उघडला आणि भारताशी त्याबद्दलचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. नर्सिंगचा जीएनएम, एएनएम किंवा साधा केअरगिव्हिंगचा कोर्स केलेली आपल्याकडची मुलंमुली आता या रस्त्याने जाऊ लागली आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे, त्यातही व्हिसा हातात पडलाय किंवा पडायच्या बेतात आहे अशांसाठी.

एवढ्या परीक्षा पास होऊनही पहिल्या सकाळी काय होतं ते आधीच सांगते. रात्रपाळीवाला हातातल्या टॅबवर बघत भराभर काहीतरी वाचून दाखवतो, बाकीचे माना हलवतात, दोघंतिघं वहीत खरडतात आणि सगळे आपापल्या कामाला पांगतात. याला मोशिओकुरी म्हणतात, आपल्या वॉर्डातला हँडओव्हरच तो. त्यातलं ‘ओहायो गोझाइमासु’ सोडून काही कळलं नाही तर घाबरू नका, कुणालाच कळत नाही. एन-फोरचा अभ्यासक्रम तुम्हाला तिकीट काढायला, पत्ता विचारायला, सुट्टीत काय केलं ते सांगायला शिकवतो. दोनशे तीनमधल्या आजींच्या माकडहाडाशी लाली दिसतेय, दर दोन तासांनी कूस बदला, हे त्यात नसतं. कायगोची म्हणून जी वेगळी जपानी भाषेची परीक्षा असते तिच्यात प्रश्न पंधरा आणि वेळ अर्धा तास. त्यात मावून मावून किती मावणार?

म्हणून शब्दांच्या याद्या घेऊन बसू नका. क्लासमध्ये वाटतात त्या पाचशे शब्दांच्या झेरॉक्स मला कधीच पटल्या नाहीत. ड्युटी ज्या क्रमाने चालते त्या क्रमाने आणि वाक्यासकट शब्द शिकले तर ते हाताला लागतात.

निघण्याआधी

शेवटचे दोन-तीन महिने नवीन व्याकरणाच्या मागे लागू नका. कान आणि जीभ तयार करा. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पुस्तक ऑडिओसकट नेटवर फुकट मिळतं, ते रोज मोठ्याने ऐका आणि मागोमाग बोला.

मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या असतात आणि क्लासमध्ये इंग्रजीतून शिकताना त्या लक्षातच येत नाहीत. इंग्रजीतून शिकणारा ‘त्सु’ या उच्चारापाशी अडखळतो. तुम्ही ‘चूल’ आणि ‘चुना’ म्हणता तेव्हा जो ‘चु’ निघतो, तो जवळपास तोच. ‘चिंच’मधला ‘चि’ वेगळा आणि ‘चूल’मधला ‘चु’ वेगळा, हा भेद आपल्या जिभेत लहानपणापासून बसलाय. क्रियापद शेवटी येतं, ‘ला’, ‘पासून’, ‘पर्यंत’सारखे शब्द नामाच्या मागे लागतात, तेही आपल्यासारखंच.

सगळ्यात मोठा फायदा जोडक्रियापदांचा. कामावर सिनियर तुम्हाला पुस्तकी जपानीत काही सांगणार नाही. तो म्हणेल, ‘कोरे, यात्तोइते.’ पुस्तकात ते ‘यात्ते ओइते कुदासाइ’ असतं, म्हणजे ‘हे करून ठेव’. करून ठेवणं हे ‘ते ओकु’, करून बघणं हे ‘ते मिरु’, सांडून गेलं, विसरून गेलं यातलं ‘गेलं’ म्हणजे ‘ते शिमाउ’, आणि बोलताना त्याचं होतं ‘चात्ता’. ‘कोबोशिचात्ता’ म्हणजे सांडलं की हो! मराठीत विचार करून ही रूपं लावली की चटकन बसतात. इंग्रजीतून घेतली तर प्रत्येकाला एक परिच्छेदभर स्पष्टीकरण लागतं.

आपली कच्ची बाजू म्हणजे लांब स्वर. ऱ्हस्व-दीर्घ आपण शुद्धलेखनाच्या पेपरापुरतं मानतो, बोलताना सगळं एकच. जपानीत ‘ओबासान’ ही मावशी-काकू आणि ‘ओबाआसान’ ही आजी. ‘ब्योइन’ दवाखाना आणि ‘बियोइन’ ब्यूटी पार्लर. टाळी वाजवत, एकेका ठोक्याला एकेक अक्षर म्हणायची सवय घरीच लावून घ्या.

पहिले काही आठवडे: खिशातली वही

युनिफॉर्मच्या खिशात मावेल एवढी छोटी वही घ्या. मोबाईल फ्लोअरवर बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि रेकॉर्डचा किंवा पेशंटचा फोटो काढणं तर सोडूनच द्या. वहीतही कुणाचं नाव लिहू नका. पानं विषयवार पाडू नका, वेळेवार पाडा: सकाळी उठवणं, कपडे, नाश्ता, टॉयलेट, आंघोळ, जेवण, दुपारची झोप, रात्र. प्रत्येक पानावर शब्द कमी आणि तोंडी वाक्यं जास्त.

वाक्यं का, तर या कामात हात लावण्याआधी सांगावं लागतं. त्याला कोएकाके म्हणतात आणि न बोलता अंगाला हात लावणारा कर्मचारी तिथे वाईट समजला जातो. ‘ओकोशिमासु ने’, उठवते हं. ‘सेनाका ओ आराइमासु ने’, पाठ धुते हं. ‘ओयु ओ काकेमासु ने’, पाणी घालते हं. हा ‘ने’ म्हणजे आपला ‘हं’, तसाच मऊ. दिवसातून तीच पंधरा-वीस वाक्यं इतक्यांदा म्हणावी लागतात की पहिल्या महिन्यातच ती झोपेत म्हणाल, आणि त्यांच्याबरोबर पाठ, हात, पाय, बाही, बूट हे शब्द वेगळे पाठ न करता येतात. एक मात्र बघून ठेवा. ‘मिझु’ म्हणजे गारच पाणी, गरम पाण्याला ‘ओयु’ हा अगदी वेगळा शब्द आहे. आंघोळीच्या खोलीत ही गल्लत नको.

कपड्यांचं पान कसं भरायचं ते जरा सविस्तर सांगते. पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडलेले आजोबा आहेत. लुळ्या बाजूला कान्सोकु, चांगल्या बाजूला केन्सोकु. सिनियर मागून एकच शब्द टाकतो, ‘चाक्कान-दाक्केन!’ म्हणजे घालताना आधी लुळी बाजू, काढताना आधी चांगली बाजू. नर्सिंग केलेल्याला हे माहीतच असतं, फक्त शब्द ओळखीचा नसतो. वहीत ‘चाक्कान-दाक्केन’ लिहून अर्थ लिहू नका, त्याऐवजी ओळीने कृती लिहा: ‘हिदारी ते कारा तोओशिमासु ने’ (डावा हात आधी घालूया हं), मग डोकं, मग ‘मिगी ते’. दुसऱ्या दिवशी तेच म्हणत तेच करा. तिसऱ्या दिवशी वहीची गरज उरत नाही.

हाक मारण्याबद्दलही याच पानावर लिहून ठेवा. आपल्याकडे अनोळखी म्हातारीला ‘आजी’ म्हटलं की ती खूश होते. तिथे ‘ओबाआचान’ म्हटलेलं अपमानाचं मानतात. आडनाव आणि पुढे ‘सान’, बस्स. तसंच सगळ्यांदेखत ‘ओमुत्सु’, म्हणजे डायपर, हा शब्द मोठ्याने उच्चारू नका. ‘ओहेया नि इकिमाशो’, खोलीत जाऊया, एवढं म्हटलं की पुरतं. ‘चोत्तो मात्ते’, जरा थांबा, हेही तोंडातून सहज जातं आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर टोकतात, कारण माणसाला शब्दांनी जखडून ठेवण्यातला तो प्रकार मानला जातो. किती वेळ थांबायचं ते सांगा: ‘गोफुन होदो’, पाचेक मिनिटं.

एका गोष्टीची दोन नावं

गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो, म्हणून वहीत प्रत्येक ओळीला दोन रकाने आखा. एक बोलण्याचा, एक लिहिण्याचा. तोंडी आंघोळ म्हणजे ‘ओफुरो’, रेकॉर्डमध्ये ‘न्यूयोकु’. कपडे बदलणं तोंडी ‘किगाए’, लिहिताना ‘कोओइ’. बेडसोरला आजींच्या मुली ‘तोकोझुरे’ म्हणतील, नर्स ‘जोकुसो’ म्हणेल. डाव्या कुशीवर म्हणजे ‘हिदारी-मुकी’, कागदावर ‘हिदारी सोकुगाइ’. लघवीला आजोबा ‘ओशिक्को’ म्हणतील आणि नोंद ‘हाइन्यो’ अशी होईल. आपण घरात ‘ताप आलाय’ म्हणतो आणि पुस्तकी भाषेत त्याचाच ‘ज्वर’ होतो, त्यातलाच प्रकार, पण इथे तो जवळपास प्रत्येक शब्दाला आहे.

आधी बोलण्याचा रकाना भरा. लिहिण्याचा मोशिओकुरी ऐकता ऐकता भरत जातो. क्लासमध्ये नेमकं उलटं शिकवतात, कारण परीक्षेत लिहिण्याचे शब्द येतात. मग मुलं आजींना ‘न्यूयोकु शिमासु का?’ विचारतात, आणि आजी बघत राहतात, जणू कुणी येऊन ‘स्नानविधी आटोपायचा का?’ असं विचारलंय.

तिसरा एक ढीग काताकाना लिपीतल्या, म्हणजे परदेशी शब्दांचा. ते ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसवतात. ‘बाइतारु’ म्हणजे बीपी, ताप, नाडी हे सगळं मिळून. ‘रिहाबिरी’ म्हणजे फिजिओथेरपी वगैरे. ‘केआमाने’ म्हणजे केअर मॅनेजर. ‘पी-तोइरे’ म्हणजे पलंगाशेजारी ठेवायची हलवता येणारी कमोड खुर्ची. इंग्रजी येतं म्हणून हे आपोआप कळतील या भरवशावर राहू नका, वहीत लिहाच.

मदत किती करायची याचे चार शब्द मात्र पहिल्याच दिवशी पाठ हवेत: ‘जिरित्सु’ (स्वतःचं स्वतः करतात), ‘मिमामोरी’ (हात लावायचा नाही, पण नजर हटवायची नाही), ‘इचिबु काइजो’ (थोडी मदत), ‘झेन काइजो’ (सगळं आपणच). यातला ‘मिमामोरी’ सगळ्यात अवघड. नवीन माणूस एक तर धावत जाऊन हात धरतो, नाही तर पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागतो.

आकडे

आकडे येतात असं सगळ्यांना वाटतं. घाईत बोललेले आकडे ऐकून बघा. ‘इचि’, ‘शिचि’, ‘हाचि’ एकसारखे ऐकू येतात, म्हणून बरेच जण सातला ‘नाना’ म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. ड्युटीच्या तक्त्यात चार तारीख ‘योक्का’ आणि आठ तारीख ‘योओका’. या दोन तारखांत फसून सुट्टीच्या दिवशी कामावर हजर झालेली किंवा कामाच्या दिवशी झोपून राहिलेली माणसं हवी तेवढी भेटतील. तारीख ऐकली की वार विचारून घ्या, म्हणजे घोळ तिथल्या तिथे निस्तरतो.

ताप आपण घरी फॅरनहाइटमध्ये बोलतो, ‘शंभर आहे’ म्हणतो. तिथे सेल्सिअस, आणि 37.2 ला बोलताना ‘सान्जूनाना दो नि बु’ म्हणतात, दशांशाला ‘बु’. बीपी मात्र अगदी घरच्यासारखं: ‘उए’ म्हणजे वरचं, ‘शिता’ म्हणजे खालचं. जेवण किती गेलं ते दहा भागांत सांगतात. ‘शुशोकु हाचि-वारी, फुकुशोकु गो-वारी’ म्हणजे भात दहातला आठ भाग खाल्ला आणि भाजी-मासा वगैरे निम्मं.

‘हाय’ म्हणण्याआधी

‘हाय’ म्हणजे ‘हो’ असं पहिल्या धड्यात शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा तो नुसता हुंकार असतो, आपण गोष्ट ऐकताना ‘हं, हं’ करतो तसा. पण तुमच्या तोंडचा ‘हाय’ सिनियर ‘कळलं’ असा घेतो. न कळता हाय म्हणणं ही नवख्यांची सगळ्यात धोक्याची सवय आहे, आणि ती येते भिडेपोटी. दोनदा विचारलं तर काय म्हणतील! माझं स्पष्ट मत आहे की दोनदा विचारणाऱ्याला तिथे कुणी मूर्ख समजत नाही, गिळताना त्रास होणाऱ्याला चहा घट्ट न करता पाजणाऱ्याला समजतात.

इथे दोन हत्यारं आहेत. पहिलं, ऐकलेल्यातला महत्त्वाचा शब्द परत म्हणायचा आणि पुढे ‘देसु ने?’ लावायचं. ‘तानाका-सान, ओचा, तोरोमी आरि देसु ने?’ तोरोमी म्हणजे गिळताना श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून चहा-पाण्यात पावडर घालून आणलेला दाटपणा. कळलं असो की नसो, हा एक शब्द परत म्हटला की चूक असेल तर समोरचा तिथेच दुरुस्त करतो. दुसरं हत्यार, जे कळलं नाही तेवढ्याच शब्दावर बोट ठेवायचं: ‘मुसेरु तो इउ नो वा नान् देसु का?’ मुसेरु म्हणजे काय? समोरचा बहुधा हाताने गळा दाखवून खोकून दाखवेल, आणि ठसका लागणं या अर्थाचा तो शब्द तुम्ही पुन्हा विसरणार नाही. नुसतं ‘वाकारिमासेन’ म्हटलं की सगळंच पहिल्यापासून, त्याच वेगाने, फक्त मोठ्या आवाजात ऐकावं लागतं.

होओरेन्सो हा शब्द ट्रेनिंगमध्ये ऐकलाच असेल: होओकोकु, रेनराकु, सोओदान, म्हणजे काम झाल्याचं सांगणं, निरोप पोचवणं, अडलं तर विचारणं. त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ पालकाची भाजी, म्हणून तो लक्षात राहतो. काम संपलं की न विचारता जाऊन सांगा, ‘ओवारिमाशिता’. आपल्याकडे ‘झालं असेल तर दिसेलच की’ असं असतं. तिथे न सांगितलेलं काम झालेलंच नसतं.

दुखतंय म्हणजे नक्की काय होतंय

म्हाताऱ्या माणसांच्या तक्रारी परीक्षेच्या जपानीत येत नाहीत. त्या नादशब्दांत येतात, आणि इथे मराठी माणूस पुन्हा घरच्या मैदानावर असतो. ‘झुकीझुकी’ म्हणजे ठणकतंय, ठसठसतंय. ‘चिकुचिकु’ टोचतंय. ‘हिरिहिरि’ चुरचुरतंय. ‘मुकामुका’ मळमळतंय. ‘कुराकुरा’ गरगरतंय. ‘दोकिदोकि’ धडधडतंय. ‘झेएझेए’ छातीत घरघर. ‘फुराफुरा’ म्हणजे उभं राहिल्यावर तोल जातोय, आणि हा शब्द ऐकला की आधी बसवा, मग अर्थ आठवा. यांची यादी मराठीशी जोडूनच करा. ठणकणं आणि चुरचुरणं यांतला फरक आपल्याला अंगात ठाऊक आहे, तो इंग्रजीतून फिरवून आणायचं कारण नाही.

‘दाइजोबु’ हा शब्द मात्र जपून. ‘ओचा?’ विचारल्यावर आजी ‘दाइजोबु’ म्हणाल्या तर त्याचा अर्थ ‘नको’. पडल्यावर ‘दाइजोबु’ म्हणाल्या तर अर्थ ‘काही झालं नाही’, आणि तो खरा असेलच असं नाही. चेहरा बघा, हात हलवायला सांगा, नर्सला कळवा. ‘इइ देसु’चंही तसंच, तेही बहुतेक वेळा ‘नको’ असतं.

त्यात गावोगावची बोली. नागपूरचं ‘करून राहिलो’ आणि मालवणातली बोली पुण्यात शिकवत नाहीत, तसंच हे. क्लासची भाषा टोकियोची, आणि नोकरी लागते होक्काइदोत किंवा ओसाकाच्या बाजूला. ‘कोवाइ’ म्हणजे भीती वाटते असं तुम्ही शिकलात, होक्काइदोतल्या आजी मात्र दमल्या की म्हणतात ‘कोवाइ’. ‘एराइ’ म्हणजे थोर, पण नागोयाकडे ‘काराडा गा एराइ’ म्हणजे अंगातून त्राण गेलंय. ओसाकात ‘नाओशितोइते’ म्हटलं तर दुरुस्त करायला घेऊ नका, जागेवर ठेवून द्यायचंय. नोकरीचं गाव ठरलं की तिथले असे दहाएक शब्द शोधून ठेवा, आणि बाकीचे जेवणाच्या सुट्टीत वयस्क सहकाऱ्यांना विचारा. त्यांना सांगायला फार आवडतं.

लिहायला कधी लागायचं

बोलणं बसायला लागलं की रोज एक ओळ लिहा. सुरुवात आधीच्या नोंदी वाचून करा, कारण त्या साच्यातल्याच असतात: वेळ, काय केलं, किती, काय दिसलं. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, हाताने लिहिता येणं फारसं लागत नाही, टॅबवर टाईप करून योग्य तो निवडता आला की झालं. म्हणून ओळखायला शिका. क्रम असा ठेवा: आधी बंदी आणि धोक्याची चिन्हं, मग उजवा-डावा, मग जेवणाचे प्रकार आणि अ‍ॅलर्जी, मग औषधांच्या वेळा, शेवटी अवयव. राहणाऱ्यांची आडनावं वाचायला वेगळा वेळ द्या. तीच कांजी दोन आडनावांत दोन तऱ्हांनी वाचली जाते आणि चुकीच्या माणसाच्या नावावर नोंद पडली तर निस्तरताना नाकी नऊ येतात.

‘हियारी-हात्तो’चा फॉर्मही लवकर शिकून घ्या. पडता पडता वाचले, चुकीचं ताट पुढे ठेवलं पण वेळेत उचललं, अशा थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची ती नोंद. आपल्या लोकांना तो कबुलीजबाब वाटतो आणि ते टाळतात. शिक्षा करायला तो फॉर्म नसतो. कधी, कुठे, काय होता होता राहिलं आणि पुढच्या वेळी काय करायचं, एवढी चार वाक्यं. भाषेच्या दृष्टीनेही हा सगळ्यात चांगला सराव, कारण लिहिल्यावर प्रमुख तुमच्यासमोर बसून तो वाचतात आणि वाक्यं सुधारून देतात.

तोकुतेइ गिनोवर केअरच्या कामात सर्वसाधारणपणे पाच वर्षंच राहता येतं. पुढे राहायचं असेल तर कायगो फुकुशिशि, म्हणजे प्रमाणित केअरवर्करची, राष्ट्रीय परीक्षा आहे. तीन वर्षांचा कामाचा अनुभव आणि त्यासाठीचं ठरावीक प्रशिक्षण पूर्ण केलं की बसता येतं. ती पास झाली की ‘कायगो’चा व्हिसा मिळू शकतो, त्याच्या नूतनीकरणाला वर्षांची मर्यादा नाही आणि नवरा-बायको-मुलांनाही नेता येतं. लेखी परीक्षा वर्षातून एकदा, जानेवारीत, प्रश्न 125, सगळे जपानीत. परदेशी उमेदवाराने अर्जातच मागितलं तर कांजीवर वाचन छापलेली प्रश्नपत्रिका मिळते, तो रकाना भरायला विसरू नका. दुसऱ्या वर्षापासून तयारीला लागायचं असेल तर नवी पुस्तकं घेण्याआधी वहीतला लिहिण्याचा रकाना काढा, निम्मा अभ्यासक्रम तिथेच आहे.